हॉटेलसाठी बाहेरची मदत घ्यावी का, आणि कुठली?

प्रश्न विचारणारी मुलगी उलव्याजवळच्या गावातली आहे, ठाण्यात पर्यटनाचं शिकते. तिने दोन गोष्टी एकदम विचारल्या आहेत. पहिली कॉलेजच्या प्रकल्पासाठी: एखाद्या देशाने आपला पर्यटन आणि हॉटेल उद्योग परदेशी मदतीने उभारावा का? दुसरी घरची. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून वडिलांकडे आणि काकांकडे माणसं येऊ लागली आहेत. भावकीचे भूखंड एकत्र करा, ६० खोल्यांचं हॉटेल बांधा, वर परदेशी नाव लावू, चालवायचं आम्ही बघतो, असं ती सांगतात. 'ताई, यात पडावं का?'

तुझे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, म्हणून उत्तर एकत्रच देते. मी ३१ वर्षं हॉटेलांत काढली, बहुतेक हाऊसकीपिंगमध्ये. सुरुवात मुंबईत, मधली चार वर्षं मालदीवच्या एका बेटावर, नंतर तुर्भे-वाशी पट्ट्यात. आता कळव्यात घरी बसून लहान हॉटेलमालकांना करार आणि खर्चाचे हिशेब तपासून देते. माझं मत आधीच सांगते: मदत जरूर घ्यावी. पण ती शिकून घेण्यासाठी घ्यावी, आणि शिकून झालं की मदत करणाऱ्याला बाजूला होता येईल अशी सोय पहिल्याच कागदात करून ठेवावी. जमीन, गिऱ्हाइकाची नोंद आणि माल कुठून घ्यायचा याचा निर्णय, या तीन गोष्टी हातातून गेल्या की इमारत आपली असूनही धंदा आपला राहत नाही.

हे देशांच्या बाबतीत कसं घडलं ते बघ. 'मालकाने बांधायचं, कंपनीने चालवायचं' ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. पोर्तो रिकोत १९४९ साली कॅरिब हिल्टन सुरू झालं. इमारत उभी केली तिथल्या सरकारच्या औद्योगिक विकास कंपनीने, आणि हिल्टन या अमेरिकी हॉटेल कंपनीने ती भाड्याने घेऊन चालवली. भाडं ठरलं ढोबळ नफ्याच्या दोन तृतीयांश. म्हणजे पैसा आणि जोखीम सरकारची, तरी नफ्यातला मोठा वाटाही सरकारचाच. आज आपल्याकडे येणारे मसुदे वाचताना मला हा वाटा हटकून आठवतो, कारण नंतरच्या काळात पद्धतच बदलली. कंपनी भाडं देईनाशी झाली, उलट मालकाकडून फी घेऊ लागली. जोखीम मात्र मालकाकडेच राहिली.

नवी मुंबईच्या माणसाने कान्कून आणि नुसा दुआ ही दोन नावं लक्षात ठेवावीत असं मला वाटतं. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली स्थापन झाली, आणि साधारण त्याच वेळी मेक्सिकोत कान्कूनचं काम सुरू झालं. तेही कागदावर आखलेलं शहर, तेही सरकारने ठरवून वसवलेलं. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेचं कर्ज मिळालं, विमानतळ झाला, १९७४ पासून किनाऱ्याच्या पट्टीवर हॉटेलं उघडू लागली. परकीय चलनाच्या हिशेबाने कान्कून यशस्वी झालं यात शंका नाही. पण हॉटेलं बांधायला आणि चालवायला जी माणसं आली, त्यांच्या वस्त्या आराखड्याबाहेर वाढल्या. पाणी आणि गटारं त्यांच्यापर्यंत फार उशिरा पोचली. दगडखाणी आणि विटभट्ट्यांवरच्या माणसांचं काय झालं हे ज्याने दिघा-ऐरोलीत पाहिलंय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

बालीत इंडोनेशियाने १९७४ साली जागतिक बँकेचं कर्ज घेऊन नुसा दुआचा पट्टा विकसित केला. जागा मुद्दाम कोरडी, शेतीला फारशी न चालणारी निवडली, म्हणजे भाताच्या खाचरांवर हॉटेलं येणार नाहीत. माझ्या दृष्टीने याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्याच प्रकल्पात हॉटेलचं शिक्षण देणारी संस्था होती. ती १९७८ च्या सुमारास सुरू झाली, आणि तिथलं पहिलं मोठं हॉटेल १९८३ मध्ये उघडलं. आधी शाळा, मग हॉटेल. पुढे बालीच्या इतर भागांत बांधकाम हाताबाहेर गेलं हे खरं, पण तो क्रम बरोबर होता. तुझ्या प्रकल्पात एकच उदाहरण सविस्तर द्यायचं असेल तर हे दे.

उलटं उदाहरण हवं असेल तर नेपाळचं पोखरा बघ. चिनी बँकेच्या कर्जातून बांधलेला आंतरराष्ट्रीय विमानतळ १ जानेवारी २०२३ ला सुरू झाला. पहिली दोन वर्षं नियमित परदेशी विमानं आलीच नाहीत, कर्ज मात्र डोक्यावर राहिलं.

आता मालदीव, कारण तिथलं मी डोळ्यांनी पाहिलंय. १९७२ साली कुरुंबा बेटावर पोवळ्याच्या दगडाच्या भिंती आणि माडाच्या झावळ्यांचं छप्पर घालून ३० खोल्यांनी सुरुवात झाली. जॉर्ज कॉर्बिन नावाचा इटालियन पर्यटन व्यावसायिक आणि काही तरुण मालदीवकर यांनी मिळून ती केली. त्याआधी संयुक्त राष्ट्रांकडून आलेल्या तज्ज्ञांनी इथे पर्यटन चालणार नाही असं सांगितलं होतं, ही गोष्ट तिथला प्रत्येक जुना माणूस सांगतो. मालदीवने एक गोष्ट फार शहाणपणाने केली. बेटं विकली नाहीत, सरकारने भाडेपट्ट्याने दिली. म्हणून परदेशी कंपन्या आल्या, गेल्या, नावं बदलली, पण जमीन देशाचीच राहिली.

चूक दुसरीकडे झाली. एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट, आणि माणसांच्या वस्तीची बेटं वेगळी, असं ठरलं. माझ्या बेटावर बोटीतून उतरणारा माल मी रोज मोजून घ्यायची. कांदे भारतातून, लोणी युरोपातून, पाण्याच्या बाटल्या परदेशातून, चादरीही बाहेरच्या. तिथल्या माणसांचं म्हणावं असं त्या बोटीत काय असायचं? टुना मासा. पाहुण्याने दिलेल्या पैशांतला मोठा हिस्सा अशा वाटेने परत देशाबाहेर जायचा. हॉटेलच्या भाषेत याला गळती म्हणतात, आणि गळती मोजायला अर्थशास्त्र लागत नाही, धक्क्यावर उभं राहिलं की दिसते. माझ्याबरोबर काम करणारी स्थानिक मुलं शेजारच्याच बेटावरची होती, तरी घरी जायला त्यांना आठवडेच्या आठवडे मिळत नसत. २००९ च्या सुमारास नियम बदलले, वस्तीच्या बेटांवर साधी गेस्ट हाऊसं चालवायला परवानगी मिळाली, आणि माफूशीसारख्या बेटांवर घरोघरी पाहुणे उतरू लागले. त्या बदलाला जवळजवळ ४० वर्षं लागली. तुमच्या गावाने एवढी वाट बघू नये.

आपल्या राज्यातलंही एक बोलायला हवं. अजिंठा-वेरूळ परिसरासाठी जपानी कर्जाने मोठी योजना झाली, पहिला टप्पा १९९२ चा, दुसरा २००३ चा. लेण्यांचं जतन, रस्ते, पाणी, झाडं, छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ, यातलं बरंच काम चांगलं झालं. आज फर्दापूरला गाडी सोडून बसने लेण्यांपर्यंत जावं लागतं, त्यामुळे लेण्यांच्या पायथ्याशी धूर आणि गर्दी कमी आहे. पण त्याच योजनेतून भव्य पर्यटक केंद्रं बांधली, आत लेण्यांच्या प्रतिकृती केल्या, आणि पुढे पाण्याची आणि विजेची बिलं थकून ती बंद पडायची वेळ आली. मदत देणारा बांधकामाला पैसे देतो. रोजचं बिल भरायला कोणी पैसे देत नाही. कुठल्याही मदतीचा कागद समोर आला की मी आधी हे बघते: दहाव्या वर्षी लिफ्ट कोण दुरुस्त करणार?

आता टॉवेलची गोष्ट सांगते. ती लांब आहे, पण यातच सगळं आहे.

तुर्भ्याजवळच्या एका हॉटेलात मी हाऊसकीपिंग बघत होते. १२० खोल्या, मालक इथलेच, नाव आणि व्यवस्थापन परदेशी. नावाबरोबर नियमांची जाड वही येते. आंघोळीचा टॉवेल ७० बाय १४० सेंटिमीटर, ६०० जीएसएम (चौरस मीटरला ६०० ग्रॅम), म्हणजे एका टॉवेलचं वजन साधारण ५९० ग्रॅम. आणि तो घ्यायचा मंजूर यादीतल्या पुरवठादाराकडूनच. यादीतला पुरवठादार परदेशातला. खोलीत दोन टॉवेल, आणि चार संच लागतात: एक खोलीत, एक धुलाईत, एक कपाटात, एक विश्रांतीला. म्हणजे ९६० टॉवेल, आणि वर्षाला त्यातला मोठा भाग बदलायचा. मालक मला म्हणाले, सोलापूर इथून रात्रीच्या गाडीचं अंतर, आणि आपण टॉवेल समुद्रापलीकडून का आणतो?

मी सोलापूरच्या एका कारखानदाराकडून नमुने मागवले. तागडीवर टाकले तर ४७० ग्रॅम. वीस धुण्यांत काठ सुटले. वहीच्या बाजूने बोलायचं तर ती चुकीची नव्हती, पाहुण्याच्या हातात असला टॉवेल देता येत नाही. तो कारखानदार मात्र चिकाटीचा निघाला. त्याने सूत बदललं, काठाला दुहेरी शिवण घातली, वजन वाढवलं. आमच्या लाँड्रीत आम्ही ५० धुण्या काढल्या, प्रत्येक दहा धुण्यांनंतर मोजपट्टी लावून आकसला किती ते लिहिलं. पाण्याचा थेंब टाकून किती सेकंदांत शोषतो ते पाहिलं. तेव्हा कळलं की आमचाच लाँड्रीवाला सॉफ्टनर जास्त ओततो, त्याने टॉवेल मऊ लागतो पण पाणी शोषत नाही. तेही सुधारलं. सात महिने लागले. मग परदेशी कंपनीच्या खरेदी विभागाला सगळे आकडे पाठवले आणि मंजुरी मिळाली. आज तो कारखानदार इतर हॉटेलांनाही टॉवेल देतो.

आता यात मदत कुणी केली? त्या वहीने केली. तिच्यामुळे चांगला टॉवेल कसा असतो ते आम्हाला आणि सोलापूरला नेमकं कळलं. पण करारात 'समान दर्जाचा स्थानिक माल चालेल' हे एक वाक्य होतं, म्हणून हे जमलं. ते नसतं तर सात महिने मेहनत करूनही दार बंदच राहिलं असतं. मालकांच्या वकिलांनी ते वाक्य घालायला लावलं होतं आणि तेव्हा सगळ्यांना ते क्षुल्लक वाटलं होतं.

तर तुमच्या भूखंडाकडे येते. सर्वांत आधी एक गोष्ट: साडेबारा टक्क्यांचे, म्हणजे संपादन झालेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेले भूखंड मुळात राहण्याच्या वापराचे असतात, व्यापारी वापराला त्यात थोडाच भाग असतो, आणि सिडकोची जमीन सहसा भाडेपट्ट्याची असते. हॉटेलला परवानगी मिळते का, किती मिळते, हे सिडकोकडून लेखी आल्याशिवाय पुढचा शब्द बोलू नका. 'ते आम्ही बघतो' हे उत्तर ऐकून घेऊ नका.

मग हिशेब. समज, ६० खोल्या, सरासरी भाडं ५,००० रुपये, वर्षभरात ६५ टक्के खोल्या भरल्या. खोल्यांचं उत्पन्न साधारण ७ कोटी १२ लाख. खाण्यापिण्याचे अडीच कोटी धर, एकूण ९ कोटी ६० लाख. चांगलं चालवलं तर खर्च जाऊन ढोबळ नफा ३५ टक्के, म्हणजे ३ कोटी ३६ लाख. आता चालवणारी कंपनी एकूण उत्पन्नावर ३ टक्के मूळ फी घेणार, खोल्यांच्या उत्पन्नावर जाहिरात आणि बुकिंगचे ३ टक्के घेणार, आणि ढोबळ नफ्यावर ८ टक्के प्रोत्साहन फी घेणार. मिळून ७७ लाखांच्या आसपास. फर्निचर-उपकरणं बदलायला ४ टक्के बाजूला ठेवावे लागतात, ते ३८ लाख. बांधकामाला १८ कोटी कर्ज काढलं असेल तर साडेदहा टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याजच १ कोटी ८९ लाख. उरले ३२ लाख. त्यातून मालमत्ता कर, विमा आणि मुद्दलाचा हप्ता. मुद्दल १२ वर्षांत फेडायचं तर वर्षाला दीड कोटी लागतात. म्हणजे हॉटेल भरलेलं, कंपनी खूश, आणि तुझे बाबा बँकेत उभे.

हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. तुमचे वेगळे असतील. पण कुठल्याही आकड्यांनी एक गोष्ट बदलत नाही: फी वरून कापली जाते, मालकाला तळाचं मिळतं. म्हणून प्रोत्साहन फी कर्जाचा हप्ता भरल्यानंतरच द्यायची, हे कलम मागायचं. सलग दोन वर्षं ठरलेला नफा आला नाही तर करार मोडता आला पाहिजे. मुदत २० वर्षांची सांगतील, १० वर मधला टप्पा ठेवायचा. पाहुण्यांची नावं आणि नोंदी करार संपल्यावर मालकाकडे राहिल्या पाहिजेत. याला कंपन्या सहसा राजी होत नाहीत, तरी निदान तुमच्या हॉटेलात उतरलेल्यांची नोंद मागायचीच. वाद झाला तर सुनावणी मुंबईत. सिंगापूरला जाऊन भांडायची भावकीची ऐपत नसते, हे समोरच्यालाही ठाऊक असतं.

नुसतं नाव घेऊन हॉटेल आपणच चालवायचं, अशी फ्रँचायझीची वाटही आहे. त्यात फी कमी जाते, पण चालवणारा माणूस आपल्याकडे असावा लागतो. आज तुमच्या घरात तो नाही. पाच वर्षांनी तो तू असू शकतेस, आणि माझा सगळा कल तिकडे आहे.

एक मत स्पष्टच सांगते. ६० खोल्यांपासून सुरुवात करू नका. विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली. तिथे पहाटेचं विमान पकडायला पेण, अलिबाग, महाड, चिपळूणहून माणसं आदल्या रात्री येणार. म्हातारे आईवडील, लहान मुलं, चार बॅगा. त्यांना परदेशी नाव नको असतं. स्वच्छ खोली, रात्री अकराला गरम भाकरी आणि पहाटे तीनला खात्रीची गाडी हवी असते. अशा थोड्या खोल्या राज्याच्या न्याहारी-निवास योजनेच्या धर्तीवर नीट परवानगी काढून चालवता येतात. महिलांसाठी राज्याचं 'आई' धोरण आहे, त्यात पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो. आई आणि काकूंच्या नावाने तो अर्ज करा.

बाहेरच्या मदतीचं मला सर्वांत आवडणारं रूप वेंगुर्ल्यात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पातून तिथल्या स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी मांडवी खाडीत कांदळवन सफर सुरू केली. मदत म्हणून मिळालं प्रशिक्षण, जीवरक्षक जॅकेटं, होड्यांची सोय. वल्हं त्यांच्या हातात, माहिती त्याच सांगतात, पैसे गटाच्या खात्यात. मोठ्या कर्जांच्या मानाने ही रक्कम नगण्य, पण त्यातलं शिक्षण तिथेच राहिलं. ठाणे खाडीचं रोहित पक्ष्यांचं अभयारण्य २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, ऐरोलीहून बोटीने ते बघता येतं. उलव्याच्या खाडीकडची मुलं तिथे वाटाडे म्हणून का शिकत नाहीत, हा प्रश्न मला फार दिवस पडलाय.

आणि मासळी. दिवाळे गावच्या कोळणींकडे ताजा जिताडा, कोळंबी असते, आणि चार किलोमीटरवरच्या हॉटेलात व्हिएतनामचा गोठवलेला बासा शिजतो. शेफला दोष देऊ नकोस. त्याला रोज सारख्या वजनाचा तुकडा, पक्कं बिल, अन्न परवान्याचा क्रमांक आणि बर्फातला माल सकाळी सातच्या आत दारात हवा असतो. एका हॉटेलात आम्ही चार बायकांचा गट करून, दोन थर्मोकोलच्या पेट्या आणि एक वजनकाटा देऊन हे बसवलं होतं. दीड वर्ष उत्तम चाललं. मग परदेशी कंपनीने खरेदी सगळ्या हॉटेलांसाठी एकत्र केली, आमच्या करारात मासळीसाठी ते टॉवेलचं वाक्य नव्हतं, आणि बायकांचं काम एका पत्राने बंद झालं. ते पत्र त्यांना वाचून दाखवायची पाळी माझ्यावर आली होती. एकीने विचारलं, मासा खराब होता का? तसं काहीच नव्हतं.

म्हणून ते लोक पुढच्या वेळी आले की बाबांनी त्यांच्याकडे दोन गोष्टी मागाव्यात. ते चालवत असलेल्या, तुमच्याएवढ्याच एखाद्या हॉटेलाचा तीन वर्षांचा हिशेब, नाव झाकून दिला तरी चालेल. आणि त्या हॉटेलाच्या मालकाशी अर्धा तास बोलायची परवानगी. दोन्ही मिळालं तर मसुदा घेऊन माझ्याकडे या, रविवारी मी घरीच असते. टाळाटाळ केली तर चहा देऊन निरोप द्या, आणि आईला सांग, 'आई' धोरणाचा अर्ज भरायला घे.